दोघांच्या लग्नात अख्खं गाव

पत्र, थोडक्यात :

ताई, मी २७ वर्षांची, मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलातल्याच एका मुलाशी चार वर्षांची ओळख आहे आणि आम्हाला लग्न करायचंय. तो मुसलमान, मी हिंदू. धर्म कुणालाच बदलायचा नाही. बाबांचं पेठेत किराणा दुकान आहे. मुलगा म्हणून तो त्यांना आवडतो, हे त्यांनीच मला सांगितलं. पण ते म्हणतात, "तुझं स्वातंत्र्य तुझ्यापुरतं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. उद्या दुकानावर माणसं येतील, धाकटीला स्थळ येणार नाही." समाजाच्या बैठकीत आमचं नाव निघालं, असंही कानावर आलंय. त्याची आई म्हणते, निकाह झाला तरच. आणि ओळखीचं एक मंडळ म्हणतंय, लग्न झालं की तुमचा जाहीर सत्कार करू, आज देशाला अशा लग्नांची गरज आहे. त्याला ते अजिबात नको आहे. मला वाटतं, वातावरण निवळेपर्यंत थांबावं, नाहीतर गुपचूप पुण्याला जाऊन नोंदणी करावी. मी स्वार्थी आहे का? या दिवसांत आपल्या मर्जीने जगणं म्हणजे काय, तेच कळेनासं झालंय.
— स., मिरज

प्रिय स.,

तुझ्या बाबांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी परिस्थिती अचूक सांगितली आहे, आणि दोष मात्र चुकीच्या माणसाला दिला आहे.

परिस्थिती अशी, की गावात दोन तट पडले की माणसाचं कुठलंच कृत्य त्याच्यापुरतं राहत नाही. एकाच जातीतल्या दोघांचं लग्न झालं आणि वर्षभरात भांडणं सुरू झाली, तर लोक म्हणतात, पटलं नाही बिचाऱ्यांचं. तुमचं भांडण झालं, तर म्हणतील, सांगितलं होतं की नाही! तुमचं उत्तम चाललं तरी सुटका नाही. तेव्हा कुणीतरी तुम्हाला स्टेजवर बसवायला येईल. तू ज्याला स्वातंत्र्य म्हणतेस त्यातला पहिला घास इथेच जातो. लग्नाची परवानगी कायद्याने तुला केव्हाच दिली आहे. हिरावलं जातंय ते चारचौघांसारखं साधं जोडपं असणं. तुम्हाला दोन समाजांचे वकील करून टाकलंय, आणि ते वकीलपत्र तुम्ही कधी घेतलंच नव्हतं.

आता दोष. दुकानावर माणसं चालून आली तर गुन्हा त्या माणसांचा. बाबा किराणा दुकानदार आहेत, त्यांना हे पटकन कळेल : दुसऱ्याची उधारी ते तुझ्या पानावर मांडतायत. त्यांना हे रागाने मात्र सांगू नकोस. २००९ च्या गणपतीत एका कमानीवरून मिरजेत दंगल कशी झाली, संचारबंदी कशी लागली, गणपती कसे खोळंबले, हे त्यांनी पेठेत राहून पाहिलंय. त्यांची भीती ऐकीव नाही. भित्र्या माणसाशी वाद घालता येतो, पण अनुभवाने घाबरलेल्या माणसाजवळ आधी बसावं लागतं.

तू स्वार्थी नाहीस. आपल्या निर्णयाची झळ घरच्यांना बसेल म्हणून जी चार वर्षं थांबली आणि अजूनही विचारतेय, तिला तो शब्द लागू होत नाही.

तू मिरजेची, म्हणून तुझ्याच गावातली एक गोष्ट सांगते. तुला अर्धी ठाऊक असेल. मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. याच उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाकडून येतो, हेही तू लहानपणापासून पाहिलं असशील. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, बडोद्याच्या दरबारात गायचे. तिथे एका सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकल्या. दोघं प्रेमात पडले आणि बडोदा सोडून निघाले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा अंदाज कर. त्यांची मुलगी १९०५ साली मिरजेत जन्मली. घरात तिचं नाव चंपाकली होतं. महाराष्ट्र तिला हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखतो.

इथपर्यंतची गोष्ट सत्कार समारंभात सांगायला छान आहे. पण पुढे तो संसार मोडला. १९२० च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाच्या सरस्वती राणे झाल्या. मुलं आईजवळ वाढली, आणि गळ्यात मात्र वडिलांची किराणा घराण्याची गायकी राहिली. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे पुढे प्रभा अत्रे शिकल्या. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. महाराष्ट्राने गेलं शतकभर जे गाणं ऐकलं त्याचा मोठा भाग त्या घरातून आला.

आता यातून कुणी काय काढायचं? एक जण म्हणेल, बघा, दोन धर्म एकत्र आले आणि केवढं संगीत जन्मलं. दुसरा म्हणेल, बघा, शेवटी मोडलंच ना. मला दोघांचाही राग येतो. त्या बाईने प्रेम केलं, संसार केला, सहन होईना तेव्हा ती मुलांना घेऊन बाहेर पडली. यात धर्माचा हिशेब कुठे आला? बडोद्याहून निघण्याचा हक्क तिचा होता आणि खाँसाहेबांच्या घरातून निघण्याचाही तिचाच. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. आपल्या मर्जीने जगणं म्हणजे आपला निर्णय बरोबर ठरवून दाखवण्याची सक्ती नसणं. जातीतलं ठरवून केलेलं लग्न मोडलं तर कुणी ठरवून केलेली सगळी लग्नं बंद करा म्हणत नाही. तेवढीच मोकळीक तुम्हाला हवी. तुमचा संसार उत्तम होवो, मनापासून म्हणते. पण तो उत्तम करून दाखवणं हे देशाचं देणं समजून खांद्यावर घेऊ नका. त्या ओझ्याखाली बायका मार खातात आणि बाहेर सांगत नाहीत, कारण सांगितलं तर गावाचं खरं ठरतं. असं मी पाहिलंय.

वातावरण निवळेपर्यंत थांबायचं म्हणतेस. कधीपर्यंत? एक निवडणूक संपते, दुसरी लागते. २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांतल्या मुली आणि त्यांच्या माहेराचा समन्वय म्हणून एक समिती नेमली. पहिल्या शासन निर्णयात आंतरजातीय लग्नंही होती, ओरड झाल्यावर दोन दिवसांत ती वगळली, आंतरधर्मीय तेवढी ठेवली. २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली, कथित 'लव्ह जिहाद'विरुद्ध कायदा करता येईल का हे पाहायला. सज्ञान बाईने कुणाशी लग्न केलं याची चौकशी सरकारी फायलीत चालते, तेव्हा वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे कळतं. थांबून वारा पडणार असता तर मीच तुला थांब म्हटलं असतं. थांबायचंच असेल तर नोकरी पक्की होईपर्यंत, घर बघेपर्यंत, बाबांशी चार वेळा बोलून होईपर्यंत थांब. गावाच्या मूडसाठी नको.

आता पुणं. गुपचूप हा शब्द डोक्यातून काढ, कारण ते जमणार नाही. तुम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार. त्यात दोघांपैकी एकाने जिथे किमान ३० दिवस वास्तव्य केलंय, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते. आणि तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस सांगलीला लागणारच.

ते फलक मी पाहिलेत. काचेचं दार, त्याला कुलूप, आत एकावर एक टाचलेले कागद. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, सगळं कुणालाही वाचता येईल असं. आपल्या कामासाठी रांगेत उभे असलेले लोक वेळ जात नाही म्हणून ते वाचत असतात. आणि एखादा असा असतो, जो वेळ घालवायला वाचत नाही. मोबाइलने फोटो काढतो आणि निघून जातो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्या जोडप्याला हे महिनाभर टांगून राहणं नसतं. माझ्या मते हा उघड अन्याय आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं, की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडा. पण तू मात्र नोटीस लागेलच हे धरून चाल आणि त्या महिन्याची तयारी आधी कर.

त्या ३० दिवसांत हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगी १८, मुलगा २१), मानसिक अवस्थेमुळे संमती देता न येणं, निषिद्ध नातं. बस. आईबापाची संमती नाही, समाजाला मान्य नाही, ही हरकत होऊच शकत नाही. आली तरी अधिकाऱ्याने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि हरकत खोडसाळ निघाली तर घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावता येतो. (१९५४ साली हजार रुपयांची जरब होती, आज एका पार्टीचा खर्च.) नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते, तेव्हा तारीख सैल सोडू नका.

या काळात धमकी आली तर पहिल्या धमकीलाच लेखी तक्रार. दुसरीची वाट पाहायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर घराची, जातीची, पंचायतीची संमती लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकाऱ्यांचा विशेष कक्ष असावा, जोडप्यांसाठी सुरक्षागृह असावं, असे आदेशही त्याच निकालात आहेत. नोटीस देण्याच्या आठवड्यातच पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या पोचेचा कागद जपून ठेव. पुढे पोलीस टाळाटाळ करू लागले तर उच्च न्यायालयात संरक्षण मागता येतं, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली जिल्हा त्यातच येतो. वकील आधीच बघून ठेवा.

समाजाच्या बैठकीचं म्हणालीस. बाबांना वाळीत टाकायची भाषा कुणी केली तर तो आता गुन्हा आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्या रेट्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाबांनी लगेच फिर्याद करावी असं मी म्हणत नाही, भावकीत राहायचंय त्यांना. पण बैठकीतल्या दोन शहाण्या माणसांना हा कायदा आहे हे कळलेलं बरं. पुष्कळदा तेवढ्यावर विषय संपतो.

आता त्याच्या आईचं. हे मी तुझ्या बाबांइतकंच गंभीरपणे घेते. त्या माउलीला तिच्या लोकांत मान खाली घालायला लागेल ही भीती आहे, आणि ती तुझ्या बाबांच्या भीतीची सख्खी बहीण आहे. पण 'माझ्या समाधानासाठी निकाह करून टाका' याला हो म्हणण्याआधी थांब. मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे नीट निकाह व्हायचा तर तुला धर्म बदलायला सांगितलं जाईल. तो तुला बदलायचा नाही, असं तूच लिहिलंस. आणि एकदा धर्मांतर आलं की कायदाही वेगळा लागतो आणि टपून बसलेल्यांच्या हाती कोलीतही मिळतं. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा लग्नासाठी दोघांना 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही' असं लिहून द्यावं लागे. १९५४ ने ती अट काढून टाकली. तो नमाज पढेल, तू एकादशी कर, कुणी काही सोडायचं नाही. ज्या सवलतीसाठी लोक इतकी वर्षं झगडले ती सासूबाईंच्या एका अश्रूवर परत करू नकोस. त्यांना हात धरून सांगा, लग्नानंतर दुवा द्यायला मौलवीसाहेबांना घरी बोलावू, आम्ही दोघं पाया पडू.

हे तिला कोण सांगणार? तो. तू नाही. या एका गोष्टीवरून तुला त्याच्याबद्दल जे कळेल ते चार वर्षांत कळलं नसेल. मुलांची नावं, घरात काय शिजेल, तुझं आडनाव, तुझी नोकरी, मेल्यावर दहन की दफन, सगळं आताच बोलून घ्या, अवघड वाटलं तरी. गावाशी लढायला निघालेल्या जोडप्यांना आपसांतले प्रश्न विचारणं गद्दारी वाटायला लागतं. तसं होऊ देऊ नका. घराबाहेर मिळवलेलं स्वातंत्र्य घरात शिरताना चपलांजवळ काढून ठेवायचं नसतं.

मिळकतीचं थोडक्यात : विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं की तू माहेरच्या एकत्र कुटुंबातून विभक्त झालीस असं धरलं जातं, पण वारसा त्यामुळे बुडत नाही. तुमचा दोघांचा आणि मुलांचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालेल. या लग्नानंतर तो हयात जोडीदार असताना दुसरं लग्न करू शकत नाही, तो गुन्हा ठरतो. तरी दोघांनी मृत्युपत्र करून ठेवा.

धाकट्या बहिणीशी तू स्वतः बोललीस का? पत्रात तिचं स्थळ आहे, ती कुठेच नाही. सगळे तिच्या नावाने घाबरतायत आणि तिला कुणी विचारत नाही, असं मला दिसतंय. कदाचित ती म्हणेल, ज्यांना ताईचं लग्न खुपतं त्यांच्या घरी मला जायचंच नाही. कदाचित ती चिडेल. दोन्ही ऐकून घेण्याची तयारी ठेव. तिच्यावर खरोखरच परिणाम होणार आहे, तेव्हा तिला घरात सगळ्यांत आधी आणि खरं सांगितलं जायला हवं.

मंडळाला नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगला आहे, अशा मंडळांनीच आजवर कितीतरी मुलामुलींना आसरा दिलाय, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सत्कार नको म्हणणारा तुझा होणारा नवरा शहाणा आहे. हार घालून फोटो छापला, की तुम्ही त्या फोटोचे नोकर होता. त्यांना म्हणावं, नोटिशीच्या महिन्यात दोन माणसं आमच्या सोबतीला द्या, कचेरीत येण्याजाण्याला गाडी द्या, बाबांच्या दुकानात महिनाभर तुमच्या घरचा किराणा भरा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं, की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या लेपापेक्षा खोल जाणार नाहीत. मला ती बंधुता नेहमी अशाच कामांत दिसली आहे. भाषणांत क्वचित.

आणि बाबांना एक काम सांग. त्यांनी तुला आशीर्वाद द्यावा म्हणून मागे लागू नकोस, आज ते त्यांना जड जाईल. त्यांना विचार, पेठेत अशी कोण माणसं आहेत की वेळ आली तर दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहतील? नावं काढायला लाव. इतकी वर्षं दुकान चालवलेल्या माणसाकडे अशी नावं असतातच, आपल्याही समाजातली आणि मुलाच्या समाजातलीही. एकटे बसून ते फक्त दगड मारणाऱ्यांचे चेहरे बघतायत. ही नावं तोंडातून निघाली की त्यातल्या एकदोघांना चहाला बोलवा, तू घरात असताना.

विवाह अधिकाऱ्यासमोर सही करताना तीन साक्षीदार लागतात. तुझ्या बाजूचं कुणी येईल की नाही याची काळजी तू पत्राच्या समासात लिहून खोडलीस, ती मी वाचली. आधी बहिणीला विचार, मग हॉस्पिटलातल्या तुझ्या मैत्रिणींना. तरी एक कमी पडला तर मला कळव. ओळखपत्र आणि फोटो घेऊन मी सांगलीला येते.

— तुझी ताई